धोंडो, धोंडू, धोंडिबा : हे नाव तुमच्या घरात होतं का? (अनुभव धागा)

आमच्या स्वयंपाकघरात फडताळावर एक पितळी तांब्या आहे. गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. आधी ‘चि.’, मग बोटभर कोरी जागा, आणि मग ‘धोंडो’. ‘चि.’ची ठोक नाजूक, ठिपके एका रेषेत. ‘धोंडो’चे ठिपके मोठे, खोल, आणि शेवटचा ‘डो’ थोडा वर चढलेला. दोन माणसांनी दोन वेगळ्या वेळी घातलेलं नाव आहे ते. लहानपणी मी त्यावरून बोट फिरवत बसायचे. त्यामागची हकीकत कळली ती आजोबा गेल्यावर, त्यांच्या बहिणीकडून.

पणजीची पहिली दोन बाळं वर्षाच्या आत गेली होती. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला तेव्हा तिच्या भावाने बारशाला तांब्या आणायचं ठरवलं. तिने निरोप धाडला, ‘चि.’ एवढंच घाल, पुढचं राहू दे. बारशाला वरवंट्याला कुंची घालून, ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत पाळण्याच्या वरून-खालून फिरवतात, ते तुमच्याकडेही असेल. पणजीने तो वरवंटा पाळण्यातून काढूच दिला नाही. म्हणाली, “हाच माझा मुलगा. दगड आहे. याला कोण नेणार?” त्याच्या शेजारी बाळ निजवलं आणि नाव ठेवलं धोंडो. तांब्यावर ते नाव चढलं मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर. आजोबा ८१ वर्षं जगले.

हे नाव आता कानावरच येत नाही. शाळेच्या पटावर नाही, लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याच्या नावाच्या जागी नाही. उरलंय ते वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाच्या जागी, आणि तिथेही बहुतेक वेळा ‘धों.’ एवढंच. र. धों. कर्वे आपण एका दमात म्हणतो, पण ते ‘धों.’ म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे, हे जरा थांबल्यावर लक्षात येतं. अण्णा कर्वे १८ एप्रिल १८५८ला जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ला गेले. १०४ वर्षं. भारतरत्न मिळालं १९५८मध्ये, शंभरी गाठली त्या वर्षी, आणि त्याच वर्षी ते हयात असताना त्यांचं टपाल तिकीट निघालं. त्याआधी शंभर वर्षं हिंडत राहिलेला माणूस, त्यातली कितीतरी वर्षं हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करत. माझी आजी म्हणायची, “नाव सार्थ केलं त्यांनी.”

नाव ठेवण्याच्या दोन वाटा मला माहीत आहेत. एक आमच्या पणजीची. दुसरी अधिक महिन्याची. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान पडतं, म्हणून ३२-३३ महिन्यांनी एक महिना जास्तीचा येतो. तोच आपला धोंड्याचा महिना. त्यात जन्मलेल्या मुलाला पुरुषोत्तम म्हणत किंवा धोंडो. तुमच्या घरातल्या धोंडूचं नाव कुठल्या वाटेने आलं? कुणी ठेवलं? त्या माणसाने ते कसं वागवलं? आज कुणी ठेवेल का? थोडं आठवून, मोठ्यांना विचारून लिहा. नुसतं ‘आमच्या मामांचं नाव होतं’ असं असेल तरी लिहा, पण मामांबद्दल दोन ओळी तरी हव्यातच.

कुडाळ, निवृत्त शिक्षक

माझ्या ३४ वर्षांच्या नोकरीत वर्गात एकच धोंडू आला, तोही पहिल्या काही वर्षांत. हजेरी घेताना त्याचं नाव आलं की मागच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटायचं, ‘पायावर धोंडा’. मराठीत धोंड्याचे वाक्प्रचार तरी किती! पायावर धोंडा मारून घेणं, गळ्यात धोंड अडकणं. त्यात आयांचं ते ठरलेलं, “त्यापेक्षा पोटी धोंडा जन्मला असता तर धुणं धुवायला तरी झाला असता.” शब्द सगळे मोठ्यांचे, झेलायचा तो त्या पोराने. तो ‘हजर’ म्हणायचाच नाही. नुसता हात वर.

एकदा त्याच्या घरी गेलो. आई अंगणात खळ्यावर भात वाळत घालत होती. हाक मारली तिने, “रे धोंड्या, खंय गेललंस?” त्या हाकेत इतकी माया होती की मी तिथेच उभा राहिलो. शाळेतला धोंड्या आणि ह्या अंगणातला धोंड्या, अक्षरं तीच. दुसऱ्या दिवसापासून हजेरीला मी त्याला ‘धोंडोपंत’ म्हणू लागलो. पहिले दोन दिवस पोरं हसली. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “हजर, गुरुजी.” पुढे तो बोटीवर गेला, इंजिन विभागात. गणपतीला आला की भेटून जातो, पत्रावर सही ‘आपला धोंडोपंत’ अशी करतो.

कागल तालुका, शेती

आमचा आज्जा. घरात धोंडीबा. सातबाऱ्यावर ‘धोंडी’. रेशनकार्डावर ‘धोंडीराम’. आधारला ‘धोंडिबा’, ‘डि’ ऱ्हस्व. आज्जा होता तोवर कुणाला काय अडलं नाही, सगळे त्याला वळखत होते. तो गेल्यावर वारस नोंदीला गेलो तर म्हणाले, हे चार इसम आहेत, एक नाही. मग प्रतिज्ञापत्र, ‘वरील सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत’, दोन साक्षीदार, पोलीस पाटलाचा दाखला. मृत्यूच्या दाखल्यावर तर ‘दौंडीबा’ लिहिलं होतं, ते दुरुस्त करण्यात तीन महिने गेले. सगळं मिळून आठ महिने.

साक्षीदार म्हणून आज्जाचा जोडीदार आला होता, वय नव्वदीला टेकलेलं. त्याला विचारलं, तुम्ही यांना कोणत्या नावाने ओळखत होता? तो म्हणाला, “धोंड्या म्हणायचो. एका बैलजोडीमागं दोघं राबलोय, अजून काय सांगू?” लिहून घेणारा गप्प झाला. त्याने चारही नावं नीट लिहून खाली अंगठा घेतला.

ज्यांच्या घरी या नावाचं माणूस आहे त्यांनी आजच कागद काढून ऱ्हस्व-दीर्घ तपासा. धोंडी, धोंडू, धोंडिबा, धोंडीराम ही घरात एकाच माणसाची रूपं असतात, पण कागदावर ती वेगळी माणसं होतात. माणूस असतानाच दुरुस्त करून घ्या.

वर्धा

आमच्या बाजूला ‘धोंडबाजी’. ‘जी’ शिवाय कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. आईचे आजोबा होते, सूत कातत. त्यांचा जन्म धोंड्याच्या महिन्यातला, एवढंच आईला माहीत आहे.

नाशिक, पुरुषोत्तम नावाचा धोंडू

माझं कागदोपत्री नाव पुरुषोत्तम, पण आजीसाठी मी मरेपर्यंत (तिच्या) धोंडूच. जन्म १९६६चा, अधिक श्रावणातला. तिथीने वाढदिवस करायचा आमच्या घरी रिवाज, आणि माझी तिथी अधिक श्रावणातली, म्हणजे तो महिना परत कधी येणार याची वाट बघायची. आला १९८५मध्ये. मग २००४. मग २०२३. ५७ वर्षांत तिथीचे वाढदिवस तीन! मधल्या वर्षी आजी नेहमीच्या श्रावणात औक्षण करायची, पण करताना म्हणायची, “हा उसना हं, खरा नाही.”

१९८५ला मी एकोणीस वर्षांचा, कॉलेजात. तिने पहाटे उठून पुरण घातलं आणि धोंडे केले. पुरण भरलेले गोल गोळे, तुपात बुडवून खायचे. धोंडे खरं तर जावयाचा मान. अधिकात जावयाला बोलावून धोंडे जेवू घालतात, ३३ अनारसे चांदीच्या नाहीतर तांब्याच्या ताटात, वर दिवा ठेवून वाण देतात. त्या दिवशी वडील, काका सगळे ताटावर बसले आणि आजीने पहिला धोंडा माझ्या पानात वाढला. आत्याचे यजमान समोर होते, मानाचे जावई. तेच म्हणाले, “आजचा मान त्याचाच.” २००४ला आजी नव्हती. आईने केले. २०२३ला आईच्या हातात जोर राहिला नव्हता. मी पुरण वाटलं, बायकोने पारी लाटली, आई खुर्चीवर बसून आकार सांगत होती: “गोल नको रे इतका, धोंड्यासारखा कर. ओबडधोबड.”

लोक अधिकाला ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात. लग्नं नाहीत, मुंजी नाहीत. मला मात्र तो महिना पंचांगात दिसला की माहेरी आल्यासारखं वाटतं.

पेडणे, गोवा

आमच्या वाड्यावर माझे काका धोंडू आणि पलीकडे पोदेर (पाववाला) पेद्रू. दोघं एका वयाचे. पेद्रू पहाटे सायकलवर पोळी-उंडे घेऊन यायचा, भोंपू वाजवायचा. काका दारात उभे. हे नेहमीचं.

एकदा फेस्ताच्या दिवशी काका पेद्रूकडे जेवायला गेले होते, तिथे पाद्री आले होते. बोलता बोलता नावांचा विषय निघाला. पाद्री म्हणाले, पेद्रू म्हणजे पेद्रो, पीटर. येशूचा शिष्य सायमन, त्याला येशूने हे नाव दिलं. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ खडक, दगड. काका नि पेद्रू एकमेकांकडे बघत राहिले. पेद्रू म्हणाला, “म्हणजे आमी दोगय फातर!” आमच्याकडे दगडाला फातर. त्या दिवसापासून ते एकमेकांना ‘फातर’ अशीच हाक मारू लागले. काका आजारी पडले तेव्हा पेद्रू रोज संध्याकाळी यायचा, खाटेजवळ बसायचा. काही बोलायचे नाहीत. जाताना म्हणायचा, “फातरा, फाल्यां येतां.” (उद्या येतो.)

मला म्हणायचंय ते एवढंच, की हे नाव गावंढळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जगात किती पीटर, पिएर, पेद्रो आहेत ते मोजावं. सगळे आपले धोंडूच.

मुंबई, परळ

मला वेगळं सांगायचंय. राग मानू नका.

माझे वडील धोंडीराम, गिरणीत कामाला. नाव एकच असलं तरी समाजाने ते दोन तऱ्हांनी वापरलं. वर बसलेल्याला धोंडोपंत, खाली राबणाऱ्याला धोंड्या. नाटकात गडी असला की त्याचं नाव धोंडू. लोक हसणार हे लिहिणाऱ्याला माहीत. वडिलांना खात्यात जॉबर ‘ए धोंड्या’ म्हणून ओरडायचा. घरी ते कधी बोलले नाहीत, पण आम्हा चौघा भावंडांना कुणी ‘या’ लावून हाक मारली की ते ताडकन उठायचे. “पूर्ण नाव घ्या पोराचं.” नोकरी सुटल्यावर हिशेबाचं एक पत्र आलं, वर टाइप केलेलं, ‘श्री. धोंडीराम’. ते त्यांनी ट्रंकेत सर्वात खाली, कोऱ्या धोतरात घडी घालून ठेवलं. पैसे किती मिळाले ते मला आठवत नाही. ती घडी आठवते.

आणखी एक. मुलगा जगावा म्हणून धोंडू, दगडू, आणि मुलगी नको म्हणून नकोशी. दोन्ही नावं कानाला सारखीच रुक्ष, पण अर्थाने एकमेकांच्या विरुद्ध टोकांना. २०११मध्ये सातारा जिल्ह्यात नकोशी नावाच्या मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, तेव्हा मला रडू आलं होतं. धोंडूचं कौतुक करताना त्याच पाळण्यातली नकोशी विसरू नये.

(धागा काढणारी : राग कसला. हे यायलाच हवं होतं. माझ्या आजोबांना आयुष्यभर ‘पंत’ मिळालं, त्यात त्यांची कमाई किती आणि जन्माची किती, याचा विचार मी आज पहिल्यांदा केला. तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव लिहिलंत, बरं केलंत.)

सोयगाव, कापूस-मका

वरच्या ताईंना जोडून लिहितो. आमच्या तालुक्यातल्या पळसखेड्याचे ना. धों. महानोर. नामदेव धोंडो. शेतकऱ्याचं पोर, आणि त्यांच्या नावातलं ‘धों.’ उभ्या महाराष्ट्राने आदराने घेतलं. ते ३ ऑगस्ट २०२३ला गेले. तेव्हा अधिक श्रावण चालू होता, धोंड्याचा महिना. आमच्या आईने बातमी ऐकली नि म्हणाली, “बापाच्या महिन्यात गेले.” बापाचं नाव धोंडो ते महिन्यावरूनच पडलं होतं की काय ते तिला ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण तिने ते म्हटलं आणि आम्ही जेवताना कुणी बोललं नाही.

कोलकाता

२२ वर्षं इथे आहे. बंगाल्यांत जुन्या पिढीत तिनकोडी, पाँचकोडी अशी नावं होती. मूल जगत नसेल तर दाईला किंवा शेजारणीला तीन नाहीतर पाच कवड्यांना ‘विकायचं’, म्हणजे ते आपलं राहिलं नाही, नजर लावणाऱ्याने कुणाकडे बघायचं? शेजारच्या आजोबांना मी आपल्याकडची नावं सांगितली: कोंड्याच्या मोबदल्यात दिलेला कोंडिबा, भीक मागून आणलेल्या कापडात गुंडाळलेला भिकाजी, केरात ठेवून उचललेला केरू, नाक टोचलेला नथू. आजोबा एकेक नाव पुन्हा माझ्याकडून म्हणवून घेत होते. मग म्हणाले, त्यांच्या थोरल्या भावाचं नाव तिनकोडी होतं.

अंबाजोगाई, निवृत्त परिचारिका

नाव का मागे पडलं त्याचं एक उत्तर माझ्याकडे आहे, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं.

नोकरीला लागले तेव्हा खेड्यात बाळंतपण घरीच. नाळ विळ्याने नाहीतर जुन्या ब्लेडने कापायची, वर राख नाहीतर शेण लावायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी बाळ दूध सोडायचं, जबडा आवळायचा, अंग धनुष्यासारखं ताठायचं. नवजात बाळाचा धनुर्वात. लोक म्हणायचे, सटवाईने नेलं. पाचवी-सहावीची पूजा नेमकी त्याच दिवसांत का असते, ते मला त्या झोपड्यांत कळलं. एका घरात ओळीने तीन गेलेली. चौथ्या खेपेला त्या बाईला मी दिवसांत असताना धनुर्वाताची दोन इंजेक्शनं दिली. तिसऱ्या महिन्यापासून मागे लागले होते, सासू हाकलून द्यायची, मी परत जायचे. बाळंतपणाला नवं ब्लेड उकळून वापरलं. मुलगा झाला. सहावा दिवस गेला, दहावा गेला. लसीच्या कार्डावर नाव लिहायला गेले तर सासू म्हणाली, “धोंडीराम लिव्हा.” मी म्हटलं, आजी, आता छान नाव ठेवा, आता नाही काही होत. ती म्हणाली, “तुझी सुई बी ऱ्हाऊ दे आन् माझा धोंडा बी ऱ्हाऊ दे.”

दोन्ही राहू दिलं. पुढे त्याच घरात तिला दोन नातू झाले, त्यांची नावं आकाश आणि विशाल. २०१५मध्ये भारतातून माता-बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं तेव्हा मी निवृत्त होते. बातमी वाचून मला ती म्हातारी आठवली.

हिंजवडी, वय २७, स्वतः धोंडो

हो, माझं नाव धोंडो. आजोबांचं ठेवलं, ते माझ्या जन्माआधी दोन महिने गेले. घरी सोनू म्हणतात.

सहावीपर्यंत त्रास झाला, तो वर गुरुजींनी लिहिलाय तसाच. कॉलेजला दुसऱ्या गावी गेलो तेव्हा ठरवलं, इथे कुणी ओळखत नाही, नाव धीरज सांगायचं. वर्षभर धीरज होतो. मित्र, मेसवाले, सगळ्यांसाठी. एक दिवस आजी न सांगता भेटायला आली, गावाकडच्या एसटीने, पिशवीत लाडू. होस्टेलच्या फाटकावर तिने विचारलं, धोंडो कुठल्या खोलीत? वॉचमन म्हणाला, असा कुणी मुलगा इथे नाही. तिने दोन-चार मुलांना विचारलं. त्यांतला एक माझ्या शेजारच्या खोलीतला. तोही नाही म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. आजी फाटकाजवळच्या बाकावर दीड तास बसली. मी प्रॅक्टिकल संपवून आलो तेव्हा ती पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती. मला बघून उठली, म्हणाली, “इथं धोंडो नाही म्हणाले रे. मला वाटलं, चुकीच्या गावात उतरले.”

तिला मी काही सांगितलं नाही. रात्री सगळ्या मित्रांना खोलीत बोलावलं, लाडू वाटले आणि खरं नाव सांगितलं. दोघे हसले, बाकीच्यांनी लाडू खाल्ले. आज ऑफिसात गळ्यातल्या कार्डावर धोंडो आहे. फोनवर नाव दोनदा सांगावं लागतं, पण एकदा सांगितलेलं कुणी विसरत नाही. माझ्या टीममध्ये तीन आदित्य आहेत, त्यांना नंबर द्यावे लागलेत.

नाव बदलायचं का, राजपत्रात देऊन टाक, असं बरेच जण सुचवतात. आजी असेपर्यंत तो विषयच नव्हता. आता ती नाही, आणि आता तर अजिबातच नाही.

कोल्हापूर

मुलींमध्येही होतं. धोंडूताई कुलकर्णी आमच्या कोल्हापूरच्याच, १९२७चा जन्म, गायिका केसरबाई केरकरांच्या शिष्या, जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं २०१४पर्यंत सांभाळलं. माझी आई त्यांची मैफल ऐकून आली की म्हणायची, आवाज कसा, तर नावासारखा, हलत नाही.

ठाणे

आमच्या भाच्याचं बारसं गेल्या वर्षी झालं. आत्या मी. पत्रिकेतलं अक्षर ‘अ’ आलं, नाव ठरलं अद्वैत. आदल्या रात्री वहिनी माझ्या खोलीत आली. बाळाआधी तिची दोन गर्भारपणं पाचव्या महिन्यात गेली होती, हे घराबाहेर कुणाला माहीत नाही. ती म्हणाली, “ताई, कानात सांगताना आधी आजोबांचं नाव सांगाल?” वहिनी संगणकात पीएचडी आहे. मी का म्हणून विचारलं नाही. पाळण्यात वाकले, पाठीवर बायकांचे धपाटे पडत होते, आणि बाळाच्या कानात आधी ‘धोंडू’ म्हटलं, मग ‘अद्वैत’, मग कुर्रर्र. तिसरं कुणी ऐकलं नाही.

सांगली, भांड्यांचं दुकान

धागा काढणाऱ्या ताईंच्या तांब्याबद्दल. आमचं पाच पिढ्यांचं भांड्यांचं दुकान. आजोबा स्वतः नावं घालायचे, छोटी छिन्नी आणि हातोडी, मांडीवर गोणपाट, त्यावर भांडं. आता यंत्राने रेघ ओढतात, ठिपके जाऊन बरीच वर्षं झाली.

‘चि.’ आणि पुढे कोरी जागा, असं घालून घेणाऱ्या बायका त्यांच्याकडे यायच्या. आमच्याकडे त्याला ‘जागा राखणं’ म्हणत. आजोबा वहीत त्या भांड्यापुढे खूण करून ठेवायचे. बाई चार-पाच वर्षांनी नाव घालायला परत आली की तिच्याकडून नावाचे पैसे घेत नसत. मुलाला गल्ल्याशेजारी बसवायचे, हातात खडीसाखर द्यायचे, आणि त्याच्यासमोर नाव घालायचे. ठिपके मुद्दाम खोल मारायचे. तुमच्या तांब्यावरची दुसरी ठोक जाड आहे ना, ती अशीच कुणीतरी मारली असणार.

त्या वहीत काही खुणांपुढे पुढची नोंदच नाही. वही अजून माळ्यावर आहे.